व्हर्नाची हलकी रायफल

११ फेब्रुवारी

बियाण्यांच्या दुकानातून दरवर्षी ही डायरी फुकट येते आणि दरवर्षी माझी बायको व्हर्ना तिच्यात बागेचं लिहिते. बटाटे कधी लावले, गारांनी पाला कधी झोडपला, असलं. यंदा जेवणं झाल्यावर तिनं ती माझ्या पुढ्यात सरकवली. म्हणाली, "यंदा मी बाग करणार नाही. तूच लिही काहीतरी, एमेट. बोलत तर नाहीस."

तर लिहितो. आठवीनंतर शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला कुणी हसू नये.

आज एक चांगली गोष्ट झाली. भांडी पुसता पुसता व्हर्ना म्हणाली, मला एक हलकी रायफल करून दे. तिची जुनी मीच केलेली आहे, बावीस-दोनशेपन्नास काडतुसाची, जाड नळीची, ऐरणीसारखी जड. ती उचलून कुंपणापलीकडे नेणं तिला आता झेपत नाही, हे मलाही दिसतं. वसंतात गोफर, म्हणजे कुरण पोखरणारे ते खारीएवढे प्राणी, बिळांतून बाहेर पडले की शेजारच्या डेल प्रुइटच्या कुरणात ती पोटावर आडवी पडते आणि नेम धरते. मी शेजारी दुर्बिणीला डोळे लावून सांगत राहतो, गोळी डावीकडे गेली, आखूड पडली, वारा फिरला. धान्याच्या कोठारावर यंत्रं दुरुस्त करायचो तिथल्या शिडीवरून पडून माझा उजवा खांदा खिळखिळा झाला, तेव्हापासून ही आमची वाटणी. बार तिचे, बडबड माझी.

मे महिन्यात कुरणात न्यायची, म्हणाली. डॉक्टर जानेवारीत जे बोलले ते बोलले. मला त्यातलं अर्धं कळलं नाही आणि अर्धं पटलं नाही. मे महिन्यासाठी रायफल मागणारी बाई कुठे जात नसते, एवढं मला कळतं.

१६ फेब्रुवारी

आज अ‍ॅक्शन ठरली, म्हणजे बोल्ट आणि त्याचं पोलादी घर. बाकी सगळं त्याच्याभोवती बसवायचं असतं. शेडमधली शेगडी पेटवली, व्हर्नाला घोंगडी पांघरून खुर्चीत बसवलं आणि माझ्याकडचे नग बाकावर मांडले. एक टायटॅनियमचा होता, पिसासारखा. मी त्या धातूचं कौतुक सांगायला लागलो तर म्हणाली, भाषण नको, हातात दे. बोल्ट मागेपुढे केला आणि नाक मुरडलं. घशात वाळू अडकल्यासारखा खरखरतो, म्हणे. खरंच खरखरतो तो. मग तिनं एक जुना छोटा नग उचलला. त्याचा बोल्ट ओल्या साबणासारखा सरकतो.

"हा घे. हातमोजे घालून, डोकं ठिकाणावर नसलं तरी चालवता येईल असा आहे."

मी विचारलं, तुझं डोकं कधी ठिकाणावर नसतं? ती हसली, मग खोकला आला. मी तिला घरात नेलं. कोटासकट उचलली तरी वजन लागलं नाही. लोकरीचे कोट हल्ली हलके येतात.

२४ फेब्रुवारी

चिनूक सुटला, डोंगरावरून येणारा ऊबदार वारा. सकाळी छपरावर हातभर बर्फ होतं, दुपारी पन्हळीतून खळाखळा वाहून गेलं. व्हर्ना दारात उभी राहून ऊब घेत होती.

नळीवरून जरा बोलाचाली झाली. पातळ नळी लवकर तापते आणि तापली की गोळी भरकटायला लागते. गोफर काय एखाददुसरा येतो? अख्खी सकाळ बार काढावे लागतात, म्हणून तर या कामाला सगळे जाड नळी लावतात. मी मधला मार्ग सुचवला, जरा जाड पण अंगावर उभ्या खाचा पाडून वजन उतरवलेली. व्हर्नानं सगळ्यांत पातळ नळीवर बोट ठेवलं. तापली की थांबायचं, म्हणाली. थर्मासमधली कॉफी प्यायची, पक्षी ऐकायचे, घाई कुणाला आहे.

काडतुसांचं खोकं सकाळच्या सकाळी रिकामं करणारी बाई ही! आता थांबायच्या गोष्टी करते. दमते, म्हणून असेल.

नळी आखूडही हवी म्हणे. पिकअपच्या सीटमागे बसली पाहिजे. मी म्हटलं, तिथे कशाला बसवायची, रायफल तर नेहमी तुझ्या मांडीवर असते. यावर तिनं खिडकीबाहेर पाहिलं आणि पन्हळ गळतेय, म्हणाली.

५ मार्च

आज भांडलो. लिहायची लाज वाटते, पण लिहितो.

काडतुसाची गोष्ट. मला वाटत होतं निदान बावीस मापाचं तरी घ्यावं. तर नाही, तिला सतराचं हवं, करंगळीएवढं, पोरांच्या खेळण्यातलं शोभेल असं. कारण असं की हलकी रायफल बाराबरोबर उसळते. ती उसळली की रायफलीवरच्या नेमाच्या दुर्बिणीत आभाळ दिसतं आणि गोळी कुठे लागली ते बार करणाऱ्यालाच कळत नाही. जड रायफल जागच्या जागी राहते, तिला हे दुखणं नाही. काडतूस अगदी लहान घेतलं तर मात्र हलकीसुद्धा हलत नाही.

"बार करणाऱ्याला आपली गोळी आपल्याला दिसली पाहिजे," व्हर्ना म्हणाली.

मी म्हटलं, अगं पण मी असतो ना शेजारी सांगायला. मग माझं काम काय?

तिनं माझ्या कपात कॉफी ओतली. मग म्हणाली, तू फार उशिरा सांगतोस.

हे मला लागलं. इतकी वर्षं सांगतोय, कधी तक्रार नव्हती. मी शेडमध्ये जाऊन उगाच कानस चालवत बसलो. परत आलो तर तिनं माझी कॉफी बशीनं झाकून ठेवली होती आणि तिचे डोळे लाल होते. सतराचंच करतो. एवढ्याशा गोष्टीवरून कशाला वाकडं घ्यायचं?

१३ मार्च

मार्लिस हल्ली एक दिवसाआड येते. नर्स आहे, मोठ्या आवाजाची, बूट दारात काढून थेट स्वयंपाकघरात शिरणारी. तिनं पलंग पुढच्या खोलीत हलवायला लावला. तिथून शेडचं दार दिसतं, म्हणून व्हर्ना खूश आहे.

आज दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो भाग. मी कार्बनचा तयार दस्ता मागवणार होतो, त्याहून हलकं काही नाही. व्हर्ना म्हणाली, तो गालाला गार लागतो, सकाळी सकाळी मेलेल्या माशाला गाल लावल्यासारखा. म्हणून अक्रोडाचं लाकूड घेतलं, बारीक तासायचं आणि मागून आतला गाभा कोरून काढायचा.

माप घेताना गंमत झाली. तिच्या हाताच्या मानानं दस्ता चांगलाच आखूड हवा. ती म्हणाली, नाही, लांब ठेव, माझ्या अंगात जाड कोट असतो. अगं, जाड कोट असला तर आखूड लागतो! हे तिला माहीत नाही असं कसं होईल? मार्लिसनं सांगितलंय, औषधांनी डोकं जरा गोंधळतं. मी वाद घातला नाही. नंतर हळूच कापून टाकू, असं ठरवलं. पण तिनं माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि लाकडावर खूण स्वतः केली. गिरवून गिरवून केली, सही करावी तशी.

रायफलीवरच्या दुर्बिणीचंही तसंच. तिची नजर ससाण्याची, तिला केसाएवढी रेघ पुरते. तरी जाड रेघांची, मोठ्या आकड्यांची मागवायला लावली. माझ्या मोतीबिंदूतूनही दिसेल अशी आहे ती.

२७ मार्च

डेल प्रुइट हरणाचं सॉसेज घेऊन आला. व्हर्नाशी बसून कुरणातल्या सगळ्या बातम्या सांगितल्या. गोफरांनी गवताच्या वावरात इतकी बिळं केलीत की तांबड्या घोडीचा पाय थोडक्यात वाचला. व्हर्ना म्हणाली, मेपर्यंत दम धर, माणूस पाठवते.

मग तो शेडमध्ये आला. दस्त्यात अ‍ॅक्शन आणि नळी बसवून पाहत होतो, ते त्यानं उचललं, दस्त्याची लांबी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"कुणाची रे ही?"

व्हर्नाची, म्हटलं.

"लाव खांद्याला."

मी म्हटलं, माझा खांदा माहीत आहे ना तुला. तो म्हणाला, लाव म्हणतो ना. म्हणून लावली. डोळा आपसूक जिथे यायचा तिथे आला, मान वाकडी करावी लागली नाही.

डेलनं टोपी काढली आणि डोकं खाजवलं. "व्हर्नाची म्हणे. अरे म्हाताऱ्या, शिंप्यानं कोट शिवावा तशी तुझ्या अंगावर बेतलीय ही. अख्ख्या गावाला कळेल, पण तुला कळायचं नाही."

मी त्याला सॉसेज घेऊन घरी जायला सांगितलं. सॉसेज ठेवून गेला. तो बोलतो फार. बसली असेल योगायोगानं. आज डोकं दुखतंय, जास्त लिहीत नाही.

८ एप्रिल

दस्त्याला तेलाचा आणखी एक हात दिला. तळहातानं चोळत राहायचं, लाकूड गरम होईपर्यंत, मग वाळू द्यायचं. व्हर्नानं विचारलं, जोडली का? म्हटलं, तेल वाळायचंय.

१७ एप्रिल

तेलाचा आणखी एक हात. व्हर्नाला सांगितलं, हवा दमट आहे, वाळायला वेळ लागतोय.

हवा दमट नाही. अंगणात जमिनीला भेगा पडल्यात.

२२ एप्रिल

आज तिनं मला पलंगाशी बसवून घेतलं. आवाज बारीक झालाय, कान जवळ न्यावा लागतो. तिनं माझा हात उताणा करून तेलानं पिवळा पडलेला तळवा पाहिला.

"आपल्या जेवणाच्या टेबलाला तू दोन हात मारून मोकळा झाला होतास, एमेट."

मी म्हटलं, टेबल वेगळं, रायफल वेगळी.

"कुणासाठी आहे ते कळलंय तुला. डेलनं मला सांगितलं."

"डेलला अक्कल नाही."

"नाहीच. पण डोळे आहेत."

मग माझ्या तोंडून ते निघालं, जे मी इथेही लिहिलं नव्हतं. म्हटलं, ती जोडून झाली की तुला वाट बघायला काही उरणार नाही. जोडलीच नाही तर...

"तर मी थांबेन?" ती माझ्या तळव्यावरून अंगठा फिरवत होती. "वेडा आहेस. मी गेले की तू शेडचं दार लावून बसशील आणि डब्यातलं गार खाशील. मला ते इथूनसुद्धा दिसतं. तू कुरणात एकटा नीट करतोयस, एवढं एकदा मला बघू दे. मग मला काही नको."

मी उठून शेडमध्ये गेलो. दस्ता केव्हाचा वाळला होता.

२ मे

जोडली. व्हर्नाच्या पलंगावर ठेवली. तिनं ती एका हातानं पांघरुणावरून जराशी उचलली आणि म्हणाली, हलकी झालीय. चाप तपासला, बोल्ट सरकवला. मला म्हणाली, कोपर खाली घे. खांद्याला लावून उभा होतो मी, कोपर खाली घेतलं.

मागच्या टेकाडावर कागद लावून नेम बसवून आणला. खांद्याला काही झालं नाही. धक्का असा जाणवतच नाही, कुणी पाठीवर बोट टेकवावं तसं.

९ मे

आज कुरणात गेलो.

मार्लिसनं आधी औषध दिलं आणि मोठ्या आवाजात सतरा सूचना दिल्या. डेलनं व्हर्नाला उचलून आपल्या पिकअपमध्ये बसवलं, सीट मागे पाडून, चहूकडून उशा लावून. काच खाली केली, खिडकीच्या कडेवर घोंगडीची वळकटी ठेवली आणि वळकटीवर दुर्बीण, म्हणजे तिला ती धरून ठेवावी लागू नये. मी पुढच्या चाकाशी पोटावर आडवा झालो. गवत नुकतं हिरवं होत होतं. पिवळ्या छातीचे पक्षी कुंपणाच्या खांबाखांबावर बसून गात होते. डेल मेंढ्यांकडे जातो म्हणून मुद्दाम लांब गेला.

पहिला बार चुकला. "डावीकडे," वरून आवाज आला. "एक गोफरभर." दुसरा लागला. "हं." मग ती रंगात आली. वारा सांगायची, आखूड पडली तर सांगायची, मधूनच मला हसायची. मी म्हातारीसारखा चाप ओढतो, म्हणे. नळी तापली की आम्ही थांबत होतो. कॉफी मीच प्यायलो, तिनं नुसता वास घेतला. किती दिवसांनी तिचा आवाज असा ऐकला.

मग लांबच्या उंचवट्यावर एक गोफर उभा राहिला. मी बार केला. रायफल हलली नाही. गोफर उडालेला दिसला, मागची धूळ दिसली, धुळीमागचं गवत वाकलेलं दिसलं. वरून मात्र आवाज आला नाही.

मान वळवून पाहिलं. तिनं दुर्बिणीला डोळे लावलेलेच नव्हते. ती माझ्याकडे बघत होती.

"मी मुद्दाम बोलले नाही. कुठे लागली, दिसली तुला?"

आणि मी म्हणालो, "नाही."

कसं तोंडातून गेलं कळत नाही. म्हणालो, उसळते जरा, आभाळच दिसलं नुसतं. तिचा चेहरा पडला. पण तिनं लगेच दुर्बिणीला डोळे लावले आणि उरलेले सगळे बार एकेक करून मला सांगितले. मला इतकं बरं वाटत होतं की परतताना मी डेलच्या गाडीत शीळ घालत होतो.

१२ मे

व्हर्ना झोपत नाही. रायफलीत कुठे चुकलं ते शोधतेय. रायफलीवरची दुर्बीण फार जवळचं दाखवत असेल का? दस्त्याच्या मागच्या टोकाचा तिरपेपणा जास्त झाला का? काडतुसात दारू आणखी कमी करून पाहू या का? मला रायफल पलंगाशी आणायला लावते, बोटांनी चाचपते, डोळे मिटून विचार करते. डेलला फोन लावायला लावला. तो म्हणाला, त्याला तर ती जागची हलताना दिसली नव्हती. ती म्हणाली, लांबून काय दिसणार.

मार्लिसनं मला स्वयंपाकघरात गाठलं. आवाज चक्क खाली आणला होता.

"मिस्टर स्कार, औषध घेत नाहीयेत त्या. म्हणतात, त्यानं डोकं धुरकटतं आणि माझं काम राहिलंय. कसलं काम? केवढं दुखत असेल त्यांना, कल्पना आहे का तुम्हाला?"

मी म्हटलं, बोलतो तिच्याशी.

बोललो नाही. खरं सांगतो, तिला असं कामात बघून मला आनंद होतो. काल म्हणाली, जूनमध्ये दुसरा दस्ता करून पाहू. जून म्हणाली ती.

१५ मे

आज दुपारी ती रायफल हातात घ्यायला गेली आणि घेता आली नाही. ओठ दाताखाली धरले होते, रक्त आलं. तरी मला विचारत होती, आभाळ दिसलं म्हणजे किती, टेकडीची कड दिसत होती की तीही नाही?

मी पलंगाशी गुडघ्यावर बसलो. म्हटलं, व्हर्ना, मी खोटं बोललो. मला दिसली होती. गोफर, धूळ, मागचं गवत, सगळं.

तिनं मान माझ्याकडे वळवली. "त्या एका बारालाच?"

"सगळ्या."

"पहिल्यापासून?"

"पहिली डावीकडे गेली तीसुद्धा."

"मग मी एवढा घसा कशाला फोडत होते?"

मी म्हटलं, मला तुझा आवाज ऐकायचा होता.

ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, केसांत बोटं अडकली ती तशीच राहू दिली. बाहेर मार्लिसची गाडी आली, बूट काढल्याचा आवाज झाला, तोवर आम्ही तसेच होतो. मग व्हर्ना म्हणाली, "म्हणजे झाली की चांगली," आणि मार्लिसकडे वळून औषध मागितलं.

लगेच झोप लागली. कपाळावरच्या आठ्या गेल्या. किती दिवसांनी.

१७ मे

व्हर्ना गेली. त्या झोपेतून ती नीटशी जागी झालीच नाही.

३० मे

लिहायचं नव्हतं. पण डायरी टेबलावर पडली होती.

दफनाला अख्खं गाव आलं होतं. कुणी कुणी झाकून आणलेल्या ताटल्या अजून फ्रीजमध्ये आहेत. आज सकाळी डेल दारात उभा राहिला. गवत वर यायला लागलंय, गोफरांनी वावराची चाळण केलीय, येतोस का, म्हणाला. मी म्हटलं, नाही. तो पायरीवर बसला, म्हणाला, बसतो मग. शेवटी उठलो, रायफल पिकअपच्या सीटमागे टाकली आणि गेलो. डेलनं मला वावराच्या कडेला सोडलं आणि तो कुंपण दुरुस्त करायला निघून गेला.

आडवा झालो. वारा पश्चिमेकडून होता. बरेच बार केले. काही लागले, काही चुकले. सगळे दिसले. गोळी कुठे पडली, किती आखूड पडली, सगळं स्वच्छ दिसलं. नळी तापली की थांबलो, थर्मास उघडला. रायफल उत्तम झालीय, तिच्यात काही म्हणजे काही खोट नाही.

तेच डोक्यातून जात नाही. खोट आहे असं तिला वाटत होतं तोवर ती जागी होती. दुखणं सोसत होती पण जागी होती, नवा दस्ता आखत होती, जूनच्या गोष्टी करत होती. मी तोंड उघडलं आणि दोन दिवसांत ती गेली. डेलला हे सांगितलं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, दुखऱ्या खांद्यावर, त्याच्या लक्षात राहत नाही.

मी सांगायला नको होतं. तिनं टेकडीची कड दिसली का विचारलं होतं, तर नाही म्हणायचं होतं. चाप जड लागतो म्हणायचं होतं. काहीही म्हटलं असतं तरी तिनं त्याच्यावर विचार केला असता. जून काही लांब नव्हता.